सोडलेल्या ट्रेलरला वाली कोण? होनग्याजवळच्या यार्डाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

काम आजपासून सुरू. जागा बेळगावच्या उत्तरेला, काकती मागे टाकून होनग्याकडे जाताना हायवेलगत. काही लहान ट्रान्सपोर्टवाल्यांनी मिळून भाड्यानं घेतलेलं मोकळं यार्ड. भरलेले आणि रिकामे ट्रेलर इथे घोडा सोडवून उभे करतात. घोडा म्हणजे केबिनसकट पुढचं ओढणारं इंजिन. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नाही, पुढे चाकंही नाहीत, सोडल्यावर तो दोन लोखंडी पायांवर उभा राहतो. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्यांतलं कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग), साखरेची पोती, अधूनमधून निर्यातीचा कंटेनर, असा माल एखाद-दुसरी रात्र इथे काढतो आणि मग पुणे-मुंबईकडे किंवा हुबळीकडे निघतो.

आपल्याकडे ट्रेलर असा सोडून जायची पद्धत तशी नवी. पूर्वी गाडी उभी म्हणजे ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला आणि क्लिनर ताडपत्रीवर. मग मालकांनी हिशेब घातला: ट्रेलर भरायला अर्धा दिवस जातो, तेवढा वेळ घोडा कशाला अडकवायचा? एका घोड्यामागे दोन ट्रेलर ठेवले की घोडा सतत पळतो. हिशेब चोख आहे. फक्त त्यात ट्रेलरजवळ झोपणारा माणूस वजा झाला आणि त्याच्या जागी काय ठेवायचं ते कोणी ठरवलं नाही. ते ठरवणं हेच माझं काम.

मालकांची अट: एका ट्रेलरमागे दोन नव्या टायरांपेक्षा जास्त खर्च नको. दिवाळीच्या आत सगळं लागलेलं पाहिजे.

१४ जून

यार्डात फिरून काय काय जाऊ शकतं ते लिहून काढलं. मालासकट अख्खा ट्रेलर. ताडपत्री फाडून वरचा माल. कंटेनरचं दार उघडून आतला माल. टायर, स्टेपनी, साखळ्या, ट्विस्ट लॉक (कंटेनर ट्रेलरला जखडणारे खटके), मागचे दिवे, पाय वर-खाली करायचा हँडल. एका ट्रेलरचा हँडल आधीच गायब आहे, त्याच्या जागी पाईपचा तुकडा घालून काम चाललंय.

अख्खा ट्रेलर न्यायला किती वेळ लागतो ते आमच्याच जुन्या ड्रायव्हरकाकांना विचारलं. काका हसले. "घोडा आपला असो का दुसऱ्याचा, ट्रेलरला काय कळतंय?" खरं आहे. ट्रेलरच्या पोटाखाली पुढे एक पोलादी खुंटी असते, किंगपिन. नेहमीच्या ट्रेलरांत ती ५०.८ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे दोन इंची. अवजड कामाची ९० मिलिमीटरची. माप जगभर ठरलेलं, त्यामुळे कुठलाही घोडा मागे घेतला की त्याच्या फिफ्थ व्हीलचा, म्हणजे पाठीवरच्या जोडणीच्या तबकडीचा, जबडा त्या खुंटीभोवती बसतो. हवेचे दोन पाईप आणि दिव्यांची वायर जोडायची, पाय वर घ्यायचे, निघायचं. किल्ली कुठेच लागत नाही.

ब्रेकचंही तसंच. स्प्रिंग ब्रेक असलेला ट्रेलर हवा नसताना जखडलेला राहतो, म्हणून लोकांना वाटतं तो हलणार नाही. पण चोराचा घोडा हवा घेऊनच येतो. हवेच्या दोन पाईपांतला लाल जोडून ट्रेलरची टाकी भरली की ब्रेक सुटला. आमच्याकडच्या दोन जुन्या ट्रेलरांना स्प्रिंग ब्रेकच नाहीत. तिथे पाईप सुटला की टाकीतल्या हवेवर ब्रेक लागतो आणि हवा झिरपत गेली की सैल पडतो. चाकाखाली लाकडी ठोकळा नसेल तर उतारावर तो चोराशिवायही निघेल.

२१ जून

उद्यमबागेत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये किंगपिन लॉकचा नमुना करायला दिला. बाहेरून मागवण्यापेक्षा इथे करून घेणं सोपं. या गावात लेथ आणि सीएनसीची वानवा नाही. रचना साधी: खुंटीवर खालून चढणारी जाड टोपी, आत खाचेत बसणारी आडवी पिन, पिनेला कुलूप. टोपी बसली की जबडा मिटायला जागाच उरत नाही.

वर्कशॉपवाल्यांनी आधी साध्या एमएसमध्ये, म्हणजे मऊ पोलादात, करून दिली. कुलूप उघड्यावर लटकत होतं. म्हटलं, अण्णा, हे कुलूप बोल्ट कटरवाल्याला आमंत्रण आहे. ते म्हणाले, "मग कुलपाला घर बांधू." नव्या नमुन्यात कुलूप पोलादी डबीत जाईल आणि खालून फक्त किल्लीचं तोंड दिसेल.

२ जुलै

पाऊस लागलाय. चोरीचं काम बाजूला ठेवून दोन दिवस पायांखाली प्लेटा टाकण्यात गेले. भरलेल्या ट्रेलरचे पाय काळ्या मातीत रुततात, पुढचा भाग खाली बसतो आणि खुंटी फिफ्थ व्हीलच्याही खाली जाते. मग घोडा आत घालताच येत नाही, क्रेन किंवा जॅक आणावा लागतो. वॉचमनमामा म्हणाले, "असाच रुतू द्या की, चोराला तरी कुठं काढता येणार?" सूचना तपासली. माल वेळेवर पोचवायचा असल्यामुळे नामंजूर.

११ जुलै

कुलपाची परीक्षा घेतली. बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन दोन्ही नमुने कापून बघितले. एमएसची टोपी चहा निवायच्या आत तुटली. दुसरी ईएन-२४ पोलादाची, उष्णता देऊन कडक केलेली. तिनं दोन चकत्या खाल्ल्या, आवाज समोरच्या ढाब्यापर्यंत गेला आणि तिथला पोऱ्या काय चाललंय म्हणून बघायला आला. कापली गेली शेवटी. न कापणारं कुलूप नसतंच; या आवाजाला आणि वेळेलाच आपण पैसे मोजतोय. खाली वाकून, चिखलात, ट्रेलरच्या पोटाखाली एवढा वेळ ठिणग्या उडवत बसायची तयारी किती जणांची असेल?

कडक पोलादाचा नमुना पक्का केला. रंग भडक केशरी. यामागे चोराचा विचार कमी, आपल्याच ड्रायव्हरचा जास्त: अंधारात कुलूप लावलेल्या खुंटीवर घोडा आदळला तर फिफ्थ व्हीलचा जबडा कामातून जाईल. कुलूप लावलं की ट्रेलरच्या पुढे डाव्या बाजूला लाल फडकं बांधायचं, असंही ठरलं.

लाल पाईपच्या तोंडाला बसणारं हवेचं छोटं कुलूपही घेतलं. स्वस्त आहे. पण ब्रेक चेंबरच्या मागचा बोल्ट पिळून स्प्रिंग ब्रेक हातानं सोडवता येतो हे कुठलाही मिस्त्री सांगेल, त्यामुळे त्याच्यावर भरवसा नाही. दोन मिनिटं वाढवतं, एवढ्यासाठी ठेवलंय.

१९ जुलै

आजची नोंद लांबणार. कुलपापेक्षा मोठी भानगड आज नीट समजली.

शेजारच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांचा ट्रेलर मागे रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेतून गेला होता. आज त्यांच्याकडे बसून सगळं ऐकलं. ते ठाण्यात गेले. हवालदारांनी विचारलं, चोरीला गेलेल्या गाडीचा नंबर सांगा. त्यांनी सांगितला. त्याच नंबराची गाडी ठाण्याच्या दारात उभी होती, कारण ते त्याच घोड्यात बसून तक्रार द्यायला आले होते.

ट्रेलरच्या मागच्या पाटीवर ज्या घोड्याला तो जोडला त्याचा नंबर असतो. रोज घोडा बदलला तर पाटीही बदलते. फास्टॅग घोड्याच्या काचेवर. टोलनाक्याला त्यातून आसांचा वर्ग कळतो, मागे कोणाचा ट्रेलर आहे ते कळत नाही. जीपीएस घोड्यात. विम्याच्या कागदात घोड्याचा तपशील ठसठशीत आणि ट्रेलर एका ओळीत. ड्रायव्हर तर घोड्याचाच. म्हणजे आपली सगळी राखण घोड्याला बांधलेली आहे आणि घोडा सुटला की मागे राहतं ते लाखोंचा माल पोटात घेतलेलं बिननावाचं लोखंड. कोगनोळी, हत्तरगी किंवा हिरेबागेवाडीच्या नाक्यावरून ते दुसऱ्या घोड्यामागे रीतसर टोल भरून जाईल आणि कोणाला काही खटकणार नाही.

त्यात आपलं ठिकाण. होनग्यातून निघालेला ट्रेलर वंटमुरी, यमकनमर्डी, संकेश्वर, तवंदी घाट आणि निपाणी करत कोगनोळीला राज्य ओलांडतो, तेही सकाळच्या पहिल्या चहाआधी. पुढे कागल, म्हणजे दुसरं राज्य, दुसरे पोलीस, दुसरी भाषा.

म्हणून ट्रेलरला स्वतःचं नाव द्यायचं. चॅसी नंबर सतरा अक्षरांचा असतो, तो मुख्य गर्डरवर कोरलेला; पण रंगाखाली आणि गंजाखाली. आज सगळ्या ट्रेलरांचे नंबर वायर ब्रशनं घासून उघडे केले आणि फोटो काढले. दोन ट्रेलरांचे आरसीवरचे नंबर आणि लोखंडावरचे नंबर एका अक्षरानं जुळत नाहीत. हे चोरीनंतर कळलं असतं तर विमा कंपनीनं तेवढ्यावर वर्ष काढलं असतं. आरटीओचं काम मालकांकडे सोपवलं.

शिवाय प्रत्येक ट्रेलरला आमचा स्वतःचा कोड, दोन्ही बाजूंना आणि मागे हातभर अक्षरांत. बंद बॉडीच्या ट्रेलरांवर छपरावरही. चॅसी नंबर आणखी तीन लपलेल्या जागी पंच केला. जागा इथे लिहीत नाही. चोर रंग बदलतो, पाटी बदलतो, पण सगळे पंच शोधत बसत नाही.

३० जुलै

ट्रॅकर. विकणाऱ्यांनी मोबाईलवर नकाशा दाखवला आणि मालक खूश झाले. मी विचारलं, वीज कुठून घेणार? घोड्याच्या ट्रॅकरला बॅटरी आहे, ट्रेलरला स्वतःची बॅटरी नसते. दिव्यांची वायर जोडलेली असेल तोवर करंट, सोडला की बंद. म्हणजे ज्या वेळी राखण हवी नेमक्या त्याच वेळी झोपणारा राखणदार.

म्हणून आतल्या बॅटरीवर चालणारा हवा. उभा असताना दिवसातून दोनदा ठावठिकाणा कळवायचा आणि हलला की जागं होऊन दर मिनिटाला. सोलर पट्टीचा प्रकारही दाखवला. बेळगावच्या जुलैत सूर्य बघायला आम्हालाच मिळत नाही, पट्टीला कुठून मिळणार? मोठ्या बॅटरीचा, वर्षातून एकदा बदलायचा, तो घेतला.

सिमचा एक बारकावा. स्वस्त ट्रॅकर टूजीवर चालतात आणि जिओला टूजी नाहीच. विक्रेत्यानं जिओचं सिम घालून दिलं असतं तर नकाशावर ठिपका कधी उमटलाच नसता. फोरजीचा नग घेतला. खानापूरच्या पुढे जंगलात कुठलंच नेटवर्क नीट धरत नाही, तिथून गेलेल्या ट्रेलरचा माग तुटक दिसणार हे मालकांना आधीच सांगून ठेवलं.

बसवायची जागा: गर्डरच्या आत घातला तर लोखंड सिग्नल खातं. बाहेर लावला तर पहिला हात तिथेच जातो. प्लास्टिकच्या दिव्याच्या घरात किंवा लाकडी फळीखाली बरा चालतो. आमचा कुठे आहे ते मला आणि मालकांना माहीत.

१२ ऑगस्ट

रात्रभर करंट नव्हता. कॅमेरे बंद. इन्व्हर्टरचं बघितलं पाहिजे. कुंपणाची जाळी एका कोपऱ्यात वाकवलेली दिसली. बाहेर कुत्र्याच्या पायांचे ठसे, आत कुत्रा.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती बसतील. बेळगावात गणपती म्हणजे ड्रायव्हर गावी, हमाल मंडपात आणि मालक आरतीला. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शहरात कोणी जागेवर सापडत नाही. या दहा दिवसांत यार्ड जितकं भरलेलं तितकंच निर्मनुष्य असतं, आणि हे बाहेरच्यांना माहीत असतं.

म्हणून आज दिवसभर ट्रेलर फिरवून नव्यानं लावले. कंटेनर पाठीला पाठ लावून, दार दाराला भिडवून, मध्ये तळहात जाईल एवढीच फट. घोडा जोडून ट्रेलर पुढे ओढल्याशिवाय दार उघडणं शक्य नाही आणि खुंटीला कुलूप असताना ओढणं शक्य नाही. एक पैसा खर्च नाही. भरलेले ट्रेलर आत, रिकामे बाहेरच्या रांगेत आडवे. ताडपत्रीवाले भिंतीपासून दूर. भिंतीवर उभं राहून ताडपत्रीवर पाय टाकणं सगळ्यात सोपं. साखरेचा ट्रेलर वॉचमनच्या खोलीसमोर. कास्टिंग विकायला भंगारवाला शोधावा लागतो, साखरेचं पोतं कुठल्याही किराणा दुकानात उतरतं.

माझ्या मते आतापर्यंतच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोलाचं. फक्त यासाठी ड्रायव्हरला रिव्हर्स नीट घेता यायला हवा आणि संध्याकाळी सातला थकलेल्या माणसाकडून तो करून घ्यायला कोणीतरी तिथे उभं राहायला हवं.

७ सप्टेंबर

विसर्जन पार पडलं. ट्रेलर सगळे जागेवर. एका रात्री ट्रॅकरनं ट्रेलर हलल्याचा इशारा दिला, माझा फोन ढोल-ताशात कोणाला ऐकू येणार? सकाळी बघितलं तर ट्रेलर पत्र्याच्या शेडला लागून उभा असल्यानं जीपीएस भरकटलेलं. ज्याच्या बाहेर गेल्यावर इशारा येतो ते सीमारेषेचं वर्तुळ मोठं केलं, ट्रेलर शेडपासून दूर घेतला. पण फोन ऐकू न येणं हा वेगळा प्रश्न. आता इशारा आला की नुसता मेसेज नाही, फोन वाजतो. मी नाही उचलला तर मालकांना, त्यांनी नाही उचलला तर यार्डाच्या खोलीतल्या फोनला. सणासुदीला एकानं ढोलापासून लांब राहायचं, अशी पाळी लावलीय. पाळी कोणाला आवडलेली नाही.

१८ सप्टेंबर

कुलूप न तोडता ट्रेलर नेण्याची रीत सगळ्यांत सभ्य असते: चिठ्ठी घेऊन यायचं. आज दुपारी एक घोडा आला, ड्रायव्हरकडे चिठ्ठी, चिठ्ठीवर आमच्याच एका ट्रेलरचा कोड, खाली सही. मामांनी चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्यानं "हो हो, पाठवा" म्हटलं. मामा किल्ली घ्यायला माझ्याकडे आले.

मी आमच्या वहीतल्या नंबरवर फाउंड्रीच्या डिस्पॅचला विचारलं. माणूस खरा निघाला, घोडाही खरा. नेहमीचा घोडा बंद पडल्यानं त्यांनी ऐनवेळी बाजारातून भाड्याचा पाठवलेला. काही वाईट घडलं नाही. पण खोटा असता तरी इथपर्यंत सगळं असंच घडलं असतं.

आजपासून नियम: चिठ्ठीवर छापलेल्या नंबरला फोन करायचा नाही, वहीत आधीपासून असलेल्याच नंबरला करायचा. घोड्याची आरसी एमपरिवहन या सरकारी ॲपवर बघायची. पाटी खोटी लावता येते म्हणून घोड्याच्या चॅसीचे शेवटचे पाच आकडे आरसीशी ताडायचे. ड्रायव्हरचा लायसन्ससकट फोटो. हे होईपर्यंत ड्रायव्हरला चहा. चहा यार्डाच्या खात्यावर. खऱ्या माणसाला राग येऊ नये आणि खोट्याला थांबायला लागावं.

ई-वे बिलाचाही (माल वाहून नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) इथे उपयोग होतो. कारखान्यातून ट्रान्सपोर्टरच्या जागेपर्यंत राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरच्या आत माल न्यायचा तर भाग ब, म्हणजे गाडीचा नंबर, भरावा लागत नाही, आणि बिलाची मुदत भाग ब भरल्यापासून मोजतात. उद्यमबाग ते होनगा त्यात सहज बसतं. म्हणून घोड्याची खात्री झाल्यावरच डिस्पॅचनं भाग ब भरायचा. भाग अ, म्हणजे मालाचा तपशील, पंधरा दिवस थांबतो, तेवढे पुरतात. २०० किलोमीटरला एक दिवस हा हिशेब यार्डात उभ्याउभ्या संपत नाही, आणि कागद पूर्ण नसलेला माल हायवेवर नेणं चोरालाही जोखमीचं. कागदांची पिशवी ट्रेलरला अडकवून ठेवायची जुनी सवय बंद.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. घोड्यांना हार, ट्रेलरांना हळदकुंकू, किंगपिन लॉकना लिंबू. पूजेच्या वेळी सगळी कुलपं एका जागी मांडली तेव्हा कळलं की एकाची किल्ली कोणाकडेच नाही.

१३ ऑक्टोबर

कागद. हा भाग मला आवडत नाही, पण सीमेवर यानंच फरक पडतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०५ मध्ये मालवाहू वाहनाची चोरी आणि मालवाहू वाहनातून मालाची चोरी ही दोन्ही स्पष्ट लिहिलेली आहेत, शिक्षा सात वर्षांपर्यंत. साध्या चोरीचं कलम ३०३ वेगळं. तक्रारीत कलम आपण सुचवायचं नसतं, पण "उभ्या ट्रेलरमधून माल गेला" हे वाक्य नेमकं लिहायचं असतं. नुसतं "माल चोरीला गेला" लिहिलं की पुढे कागदावर तो गोदामातून गेला का रस्त्यावर सांडला, कळत नाही.

दुसरं, झिरो एफआयआर. माल होनग्यात गेला आणि कळलं कागलला, तर "बेळगावला जा" म्हणून परत पाठवायची वेळ येऊ नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्याला माहिती नोंदवावी लागते आणि ती पुढे योग्य ठाण्याकडे जाते. ड्रायव्हरांना हे कार्डावर लिहून दिलं. कार्डावर ११२ आणि हायवेचा १०३३ हेही आहेत. तक्रारीचा नमुना एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड बाजू यार्डातल्या एका ड्रायव्हरच्या मुलीनं लिहून दिली, ती कन्नड माध्यमात शिकते. मधे मोकळ्या जागा: ट्रेलरचा कोड, चॅसी नंबर, सील नंबर, शेवटचा कोणी पाहिला, किती वाजता.

तपास लागला नाही तर विम्याला पोलिसांचा अखेरचा अहवाल लागतो. गुन्हा खरा पण छडा नाही, याला कर्नाटकात सी रिपोर्ट म्हणतात, महाराष्ट्रात अ समरी. महाराष्ट्रात क समरीचा अर्थ निराळाच, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली तक्रार. कोल्हापूरच्या ऑफिसातल्या कारकुनासमोर बेळगावचा सी रिपोर्ट ठेवला तर तो भुवया उंचावतो. सोबत एक ओळीचं पत्र जोडायचं, एवढाच उपाय.

आणि मालाचा विमा ट्रेलरच्या विम्यात नसतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, असं सगळेच म्हणाले. मग पॉलिसी काढून बघितल्या.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. उसाचा हंगाम सुरू. हायवेच्या कडेला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा, रात्रभर वर्दळ. चोराला गर्दी बरी पडते, कोण कोणाची चाकं काढतंय हे कोणी विचारत नाही. एका ढाब्याशेजारी उभ्या ट्रेलरची दोन चाकं गेली. आमचा नव्हे, पण बातमी आमच्यापर्यंत त्याच सकाळी आली. विटांवर टेकवून ठेवला होता, नीट, पाना परत डब्यात टाकून.

टायरांवर नंबर डागायला घेतले. जुनी पद्धत, तापल्या लोखंडानं साइडवॉलवर उथळ अक्षरं. खोल गेलं की टायर वाया, म्हणून हात बसलेल्या माणसाकडूनच. डागलेला टायर रिमोल्डवाला (जुन्या टायरवर नवं रबर चढवणारा) घेताना दहादा विचार करतो. बाहेरच्या बाजूच्या चाकांना प्रत्येकी एक वेगळ्या तोंडाचा नट.

वजनकाट्याच्या चिठ्ठीची सवयही लागली. आत येताना भरलेला ट्रेलर काट्यावर, बाहेर जाताना पुन्हा. पहिल्याच आठवड्यात ऐंशी किलोच्या फरकावरून मामांवर संशय घेतला गेला. घोडा वेगळा होता आणि डिझेल कमी होतं. शंभर लिटर डिझेलच त्र्याऐंशी किलोच्या आसपास भरतं. तेव्हापासून चिठ्ठीवर घोडा कोणता आणि टाकी किती, हे लिहितो. काटा मोठी चोरी पकडतो, एका पोत्याची नाही. पोत्यासाठी सील आणि ताडपत्रीची दोरी बघावी लागते.

सीलबद्दल एकच. कंटेनरला आयएसओ १७७१२ च्या एच वर्गातलं बोल्ट सील लावतोच. पण सील शाबूत ठेवून दाराच्या दांडीचा रिव्हेट ड्रिल करून दार उघडतात आणि रिव्हेट परत बसवून रंग मारतात. म्हणून फोटो सीलचा एकट्याचा नाही, दांडी, रिव्हेट आणि बिजागऱ्यांसकट. रंग ताजा वाटला तर नखानं खरवडायचा.

२० नोव्हेंबर

यार्ड ठीक झालं, रस्त्याचं काय? डिसेंबर आला की हा प्रश्न येतो. बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की पोलीस बंदोबस्तात, आणि सीमाप्रश्न पेटला तर अवजड गाड्या मिळेल तिथे थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हा कित्येक ड्रायव्हरांनी गाड्या आडबाजूला घेतल्या होत्या. अशा वेळी ट्रेलर सोडून घोडा सुरक्षित जागी न्यायचा मोह होतो. ड्रायव्हरचा जीव आधी, त्यात वाद नाही. पण सोडायचाच तर कुठे?

दोन दिवस काकांबरोबर कोगनोळीपासून हिरेबागेवाडीपर्यंत फिरलो. थांबता येईल अशा जागा वहीत उतरवल्या: रात्रभर चालू असलेले पेट्रोल पंप, ज्यांच्या मालकांशी आमचं खातं आहे, ओळखीच्या कारखान्यांची आवारं, वजनकाटे. तवंदी घाटाच्या वर-खालच्या मोकळ्या जागा आणि वंटमुरीच्या उतारावरचे कट्टे लाल शाईत, तिथे घोड्यासकटही रात्र काढायची नाही. सर्व्हिस रोडवर सोडलेला ट्रेलर अपघातालाही निमंत्रण. किंगपिन लॉक आता घोड्याच्या टूलबॉक्समध्ये असतं, यार्डाच्या खोलीत नाही. वजन जास्त म्हणून ड्रायव्हर कुरकुरतात. कुरकुरू देत.

९ डिसेंबर

मालकांना हिशेब दिला. कुलूप, ट्रॅकर, पंच, रंग आणि टायरांचं डागणं धरून एका ट्रेलरचा खर्च दोन टायरांच्या आत बसला. इन्व्हर्टर वेगळा, तो यार्डाच्या भाड्यात वाटून घ्यायचं ठरलंय. वाटणीवर अजून भांडण चालू.

रोज चालणारी गोष्ट मात्र वही आहे. एका ट्रेलरला एक ओळ: कोणी सोडला, किती वाजता, कुलूप कोणी लावलं, किल्ली कोणाकडे, सील नंबर, दाराला दार आहे की नाही. सोडणाऱ्यानं सही केल्याशिवाय त्याच्या घोड्याला गेटपास नाही. सुरुवातीला ड्रायव्हर म्हणायचे, सोडल्यावर आमचा काय संबंध? आता सही करण्याआधी एकदा वाकून कुलूप ओढून बघतात. मामा सकाळी सहाला वहीप्रमाणे मोजणी करतात. त्यामुळे काही गेलंच तर ते गेल्या रात्रीच गेलंय, एवढं तरी नक्की सांगता येईल.

राहिलेली कामं: आरसीतलं एक अक्षर अजून दुरुस्त झालेलं नाही. एका ट्रेलरची खुंटी झिजलीय, लॉक तिच्यावर खडखडतं, प्लेट बदलायला वर्कशॉपला पाठवायचा. स्प्रिंग ब्रेक नसलेले दोन जुने ट्रेलर भरून सोडायचे नाहीत, फक्त रिकामे. मालकांनी मान्य केलंय, डिस्पॅचनं नाही. हरवलेल्या किल्लीचं कुलूप कापायचं आहे, त्यासाठी ग्राइंडरच्या चकत्या मागवल्यात. जास्तच मागवल्यात.